बायबलचा अर्थ कोणी लावायचा? रमाबाई आणि त्यांच्या ‘आजीबाईं’चा पत्रवाद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलताना जे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ वगैरे होतं, ते बरंचसं काढून टाकलंय. सगळं नाही निघालं, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे एक भांडण. दोन ख्रिस्ती बायकांमधलं, एकाच पुस्तकावरून झालेलं, आणि पत्रांतून चाललेलं. साल साधारण १८८३ ते १८८६. एक बाजूला सिस्टर जेराल्डीन, इंग्लंडमधल्या वाँटेज गावातल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठातल्या. दुसऱ्या बाजूला आपल्या पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई आपल्याला चार ओळींत भेटतात. संस्कृत पंडिता, ख्रिस्ती झाल्या, मग विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, संपलं. ‘ख्रिस्ती झाल्या’ हे दोन शब्द वाचून वाटतं की तिथे त्यांचा वाद संपला असेल. खरं तर तिथे नवा वाद सुरू झाला. धर्म बदलला, पण ‘शास्त्राचा अर्थ लावायचा अधिकार कोणाचा?’ हा प्रश्न रमाबाईंच्या मागे मागे बोटीतून इंग्लंडला गेला.

थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी काय केलं, तर आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. आज यात काय विशेष असं वाटेल, पण त्या काळी ब्राह्मण समाजात हा गुन्हाच. त्यांना उडुपीच्या पंडितांसमोर उभं राहून शास्त्रातले दाखले द्यावे लागले की बाईने शिकायला बंदी नाही. म्हणजे रमाबाईंच्या जन्माआधीपासून घरात एक गोष्ट पक्की होती. शास्त्र सगळे मानतात, पण शास्त्रात काय लिहिलंय यावर भांडावं लागतं, आणि पुरावा दाखवून भांडता येतं.

पुढे दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत, पुराणं सांगत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. तिथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले. तोपर्यंत बाईने वेद वाचू नयेत हे त्या स्वतःही मानत होत्या. मग त्यांनी धर्मशास्त्रं बारकाईने वाचली, आणि त्यांच्या लक्षात आलं की ग्रंथांचं एकमेकांशी शंभर गोष्टींत पटत नाही, पण बायका आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर, सिस्टीम सगळ्यांसाठी होती, पण बायकांना रीड ॲक्सेससुद्धा नव्हता. रमाबाईंनी तो मिळवला आणि मग आत काय आहे ते बघितलं.

लग्न झालं बिपिन बिहारी मेधवी यांच्याशी. मुलगी झाली, मनोरमा. १८८२ मध्ये पती पटकीने वारले. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इंग्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचं मनात होतं. प्रवासाचा खर्च पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. वाँटेजच्या जोगिणी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करत होत्या. (हो, तेच पंचहौद, जिथे पुढे चहा घेतल्यावरून टिळक-रानडे मंडळींवर ग्रामण्य झालं.) त्यांच्या ओळखीने वाँटेजला राहायची सोय झाली. ठरलं असं की भारतात येऊ पाहणाऱ्या सिस्टर्सना रमाबाई मराठी शिकवतील आणि त्या बदल्यात राहतील, शिकतील.

डॉक्टरीचं स्वप्न तिथेच मोडलं, कारण रमाबाईंना ऐकू कमी येत होतं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेजमध्येच दुर्दैवी मृत्यू झाला. आणि २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? यामागे एक प्रसंग रमाबाईंनी स्वतः नंतर लिहून ठेवलाय. सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅममधला आश्रम दाखवला. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांची तिथे सेवा चालायची. आपल्याकडे अशा बाईला कोणी दारात उभं करत नाही आणि इथे तिला जवळ घेतात, हे कसं? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला गेला. शोमरोनी स्त्रीची विहिरीवरची गोष्ट. त्या काळच्या यहुदी समाजाच्या नजरेत ती बाई परकी आणि हलकी. येशू तिच्याशी बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, आणि सांगतो की देवाची उपासना ना या डोंगरावर ना यरुशलेमात, ती आत्म्याने आणि खरेपणाने करायची असते.

आता हे लक्षात ठेवा. रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे ओढणारा उताराच असा आहे की ज्यात मधला दलाल नाही. बाई आणि देव. थेट. पुढचं सगळं भांडण इथून समजतं.

बाप्तिस्म्याची बातमी पुण्यात आली आणि टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. म्हणजे पुण्यात लोक विचारत होते, ‘ख्रिस्ती का झालात?’ आणि त्याच वेळी वाँटेजला विचारलं जात होतं, ‘पुरेशा ख्रिस्ती का नाही झालात?’

आता भांडणाकडे येऊ. मुद्दा पहिला, त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिन्ही मिळून एकच देव, हा ख्रिस्ती धर्माचा गाभ्याचा सिद्धांत. रमाबाई प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे छोटं, जुनं, साधं विश्वासाचं निवेदन, मानायला तयार होत्या. पण अथनेशियन मतांगीकार नावाचं एक लांबलचक निवेदन आहे. त्यात त्रैक्याची व्याख्या वकिली काटेकोरपणे केलीय, आणि जो हे असंच्या असं मानणार नाही त्याचा कायमचा नाश होईल असं बजावलंय. रमाबाई इथे अडल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी नवा करार वाचला, एक देव दिसला, ख्रिस्त दिसला, पण ही व्याख्या या शब्दांत मला तिथे सापडत नाही. मग ती न मानणारा नरकात जाईल हे कोणाच्या अधिकाराने सांगता? ख्रिस्ताच्या चमत्कारिक जन्माबद्दलही त्यांना शंका होत्या, आणि त्या शंका त्यांनी लपवल्या नाहीत.

जेराल्डीनबाईंची बाजूही नीट समजून घेऊ, कारण त्यांना खलनायिका करणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. त्यांचं म्हणणं असं: बायबल आकाशातून छापून पडलेलं नाही. कुठली पुस्तकं त्यात घ्यायची हे मंडळीने, म्हणजे चर्चने, शतकानुशतकं विचार करून ठरवलं. तेच पुस्तक त्या चर्चने जपलं. मग त्याचा अर्थ लावताना त्या परंपरेला बाजूला सारून काल बाप्तिस्मा घेतलेल्या एका व्यक्तीने ‘मला असं वाटतं’ म्हणणं म्हणजे अहंकार नाही का? प्रत्येक जण आपापला अर्थ लावत बसला तर उरणार काय?

हा युक्तिवाद कमजोर नाहीये. मी रोज कोड लिहितो, तिथे हे सारखं होतं. नवा माणूस येतो, जुना कोड बघून म्हणतो हे सगळं फालतू आहे, काढून टाकू. आणि मग कळतं की ती विचित्र ओळ कोणीतरी कधीतरी फार मोठा घोळ झाल्यावर टाकलेली असते. परंपरेत शहाणपण साठलेलं असतं, हे खरंच आहे.

पण रमाबाईंचं उत्तरही तितकंच पक्कं होतं. त्या म्हणत, मी बाप्तिस्म्यात देवाचं वचन पाळायची शपथ घेतली, प्रत्येक पाळकाचं म्हणणं पाळायची नाही. सद्सद्विवेकबुद्धी देवानेच दिलीय. आणि पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवलं ते दुसऱ्या पुरोहितांचं जोखड घालून घ्यायला नाही. हा सगळ्या पत्रव्यवहाराचा कणा आहे. उडुपीच्या पंडितांसमोर वडील जे बोलले, तेच मुलगी वाँटेजच्या सिस्टर्सना ऐकवत होती.

दुसरं असं, की ‘चर्च असं म्हणतं’ यातलं चर्च नेमकं कुठलं? रमाबाई गोंधळून गेल्या होत्या, कारण इंग्लंडमध्ये पंथ ढीगभर आणि प्रत्येक पंथ आपल्या मताला बायबलचाच आधार देतो. खुद्द अँग्लिकन चर्चमध्येही एकमत नव्हतंच. प्रार्थनापुस्तकानुसार हा अथनेशियन मतांगीकार वर्षातून १३ दिवस म्हणायचा असे, आणि १८७० च्या सुमारास हा नियम सैल करावा का यावर इंग्लंडमध्ये जोरात वाद झाला. पुसी आणि लिडन यांच्यासारख्या मोठ्या धर्मपंडितांनी तर त्याला हात लावलात तर आम्ही पदं सोडू अशी भूमिका घेतली.

त्याआधी १८६२ मध्ये नाताळ प्रांताचे (हे दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ) बिशप कोलेन्सो यांनी पुस्तक लिहिलं की जुन्या करारातल्या पहिल्या पाच पुस्तकांतले आकडे आणि घटना जशाच्या तशा इतिहास म्हणून घेता येत नाहीत. त्यांना हा प्रश्न पडला कसा? भाषांतरात मदत करणाऱ्या विल्यम न्गिडी नावाच्या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाच्या गोष्टीवर विचारलं, हे सगळं खरंच झालं का? कोलेन्सोंना पदावरून काढल्याचं केपटाऊनच्या बिशपांनी जाहीर केलं, पण १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय टिकू दिला नाही. म्हणजे बघा, साम्राज्याच्या टोकाला बसलेली माणसं साधे प्रश्न विचारत होती आणि केंद्रात खळबळ उडत होती. रमाबाई एकट्या नव्हत्या.

आता वादात एक गोष्ट होते, जी आपण सगळ्यांनी बघितलीय. मुद्दा एक असतो आणि हळूहळू त्यात दहा गोष्टी घुसतात. इथेही तसंच झालं.

रमाबाई शाकाहारी होत्या, ख्रिस्ती झाल्यावरही राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही खायच्या नाहीत. सिस्टर्सना वाटलं, हा जातीचा अभिमान अजून सुटलेला नाही. रमाबाईंना वाटलं, माझ्या ताटाचा आणि माझ्या श्रद्धेचा काय संबंध? मी हिंदुस्थानातली आहे आणि माझ्या लोकांच्या ज्या चालीरीती श्रद्धेच्या आड येत नाहीत त्या मी का सोडू? क्रॉसवर लॅटिन अक्षरं असण्यावरूनही वाद झाला. आमच्या बायकांना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको, लॅटिन काय जास्त पवित्र आहे का, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे श्रद्धेच्या नावाखाली इंग्रजपणा किती सरकवला जातोय, याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं.

मग चेल्टनहॅमचं प्रकरण. रमाबाई तिथल्या लेडीज कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. भारतात जाणाऱ्या तरुण इंग्रज पुरुषांनाही त्यांनी शिकवावं असा विचार पुढे आला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवणं भारतात वाईट दिसेल, त्यांच्या कामाचं नुकसान होईल, असं कारण. रमाबाई भडकल्या. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांत भाषणं केलेली बाई ती! माझ्या देशात काय चालेल हे मला विचारायचं सोडून बिशपांना विचारता, हे त्यांना लागलं.

आणि सगळ्यात नाजूक मुद्दा, मनोरमा. चार-पाच वर्षांची मुलगी वाँटेजला सिस्टर्सकडे, आई चेल्टनहॅमला. मुलीला धर्माचं काय शिकवायचं, कसं वाढवायचं यावरून तणाव झाला. आईचं म्हणणं, जे मला अजून पटलेलं नाही ते तिच्या तोंडी घालू नका.

इथे जरा थांबून विचार करा. कागदावर ही दोन श्रद्धावान बायकांची चर्चा आहे. पण एकीच्या हातात घर, पैसा, ओळखी, बिशप आणि दुसरीचं मूलसुद्धा आहे. दुसरीच्या हातात फक्त पेन. अशा वेळी ‘आपण मोकळेपणाने बोलू’ असं म्हणणं एका बाजूला फार सोपं असतं. तरीही रमाबाईंनी आपलं मत गिळलं नाही. मला वाटतं त्यांच्या धाडसाबद्दल बोलताना आपण पायी प्रवास आणि भाषणं सांगतो, पण ही पत्रं त्याच्या वरची आहेत.

या सगळ्यात तिसरी बाई होती, डोरोथिया बील. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका. त्यांची स्वतःची श्रद्धा पक्की होती, त्रैक्यही मान्य होतं. पण त्यांची पद्धत वेगळी. त्यांनी ओळखलं की ही बाई तत्त्वज्ञानातून आलेली आहे, ‘चर्च सांगतं म्हणून’ हे उत्तर इथे चालणार नाही. त्या रमाबाईंच्या प्रश्नाला प्रश्न म्हणून घेत, सविस्तर उत्तर लिहीत, आणि सिस्टर्सनाही सांगत की हिला वेळ द्या, दाबलंत तर ती दूर जाईल. रमाबाईंची बीलबाईंना गेलेली पत्रं वाचली की सूर लगेच वेगळा लागतो. प्रश्न तेच, धार कमी.

फरक कशाचा होता? मताचा नाही. जेराल्डीन आणि बील, दोघींचं मत जवळजवळ एकच. फरक इतकाच की एक जण रमाबाईंच्या स्वभावाबद्दल बोलत होती, ‘तू गर्विष्ठ आहेस’, आणि दुसरी मुद्द्याबद्दल. आज कुठल्याही वादात, धर्माचा असो की मेट्रोच्या कारशेडचा, हा एक फरक बघायला शिकलो तरी पुष्कळ. समोरचा माझ्या वाक्याला उत्तर देतोय की मला?

पण या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडलेलं काय, सांगू? रमाबाई जेराल्डीनना ‘आजीबाई’ म्हणायच्या. इंग्रजी पत्रांत, रोमन लिपीत, चक्क आजीबाई. जळजळीत पत्र लिहायचं आणि मायना आजीबाई. १८८६ च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या तो समारंभ बघायला, आणि वाँटेजला राहायला परतल्या नाहीत. तरी पत्रं थांबली नाहीत. पुढे अनेक वर्षं ती चालू राहिली. आणि ही पत्रं जपून, जमवून कोणी ठेवली? जेराल्डीनबाईंनी. स्वतःला चांगलं न दाखवणारी पत्रंसुद्धा. त्यांच्यामुळेच १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा पत्रव्यवहार छापला आणि आपल्याला वाचता येतोय. भांडणातल्या समोरच्या बाजूचं म्हणणं डिलीट न करता सांभाळणं, हेही एक मोठेपणच.

मग निकाल काय लागला? कोणी जिंकलं का? सरळ उत्तर नाही. रमाबाई पुढे १८९१ च्या सुमारास एका खोल धार्मिक अनुभवातून गेल्या आणि त्यांची श्रद्धा बरीच पारंपरिक, भक्तीच्या अंगाने जाणारी झाली. त्रैक्याचे जुने प्रश्न मागे पडले. पण तिथे त्या स्वतः चालत पोचल्या, कोणी ढकलून नाही. कुठल्याही एका पंथाचं लेबल त्यांनी शेवटपर्यंत घट्ट चिकटवून घेतलं नाही.

इथे एक अवघड प्रश्न रमाबाईंनाही विचारायला हवा. दुष्काळात मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आल्या, तिथे वाढल्या, बऱ्याच जणी ख्रिस्ती झाल्या. आता घर, अन्न, अधिकार रमाबाईंच्या हातात होता. तिथे एखाद्या मुलीला ‘बाई, मला हे पटत नाही’ म्हणणं किती सोपं गेलं असतं? वाँटेजमध्ये ज्या खुर्चीसमोर त्या उभ्या होत्या, केडगावात त्या खुर्चीवर बसल्या होत्या. हे म्हटल्याने रमाबाई छोट्या होत नाहीत. सत्तेची जागा कोणालाही हीच परीक्षा देते.

आणि त्या परीक्षेला त्यांनी दिलेलं निदान एक उत्तर तरी मला फार मोठं वाटतं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घातली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीचं मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटायचं, कमी शिकलेल्या बाईला न झेपणारं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने ठरवलं की साध्या मराठीत लिहायचं. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातांनी. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

विचार करा. बापाने बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्या घराला जाब द्यावा लागला, त्या घरातल्या मुलीने शेवटी एक आख्खा धर्मग्रंथ मूळ भाषांतून उचलून केडगावच्या बाईच्या बोलीत आणून ठेवला. अर्थ कोणी लावायचा, या वादात त्या साठी पार करूनही गुंतल्या होत्या, फक्त आता पत्राऐवजी पुस्तक हातात होतं. पुस्तक वाचता आलं की पुढचा प्रश्न ती बाई स्वतः विचारेल, अगदी रमाबाईंनासुद्धा.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, वाडीत, चर्चमध्ये किंवा घरातल्या कपाटात मुक्तीच्या छापखान्यातलं जुनं पुस्तक असेल, तर त्याचा फोटो नक्की पाठवा. आणि आजच्या विषयावर तुमचं मत वेगळं असेल तर तेही लिहा, सविस्तर लिहा. मायना ‘आजीबाई’ नसला तरी चालेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.